घोड्याची चाल आणि माणसाची मांड
अपंगांसाठी उपचारात्मक अश्वारोहण : एक परिचय

प्रास्ताविक

अपंगत्व म्हटले की आपल्यासमोर कुबड्या, कॅलिपर, चाकाची खुर्ची आणि दवाखान्याच्या रांगा येतात. घोडा मात्र आपल्याला आठवत नाही. घोडा म्हणजे लढाई, शर्यत, लग्नाची वरात किंवा थंड हवेच्या ठिकाणची करमणूक, अशीच आपली समजूत असते. ज्याला स्वतःच्या पायावर उभे राहता येत नाही, त्याला घोड्यावर बसवायचे ही कल्पनाच अनेकांना धाडसाची, कदाचित क्रूरही वाटेल. परंतु गेल्या सत्तर वर्षांत युरोप-अमेरिकेत आणि नंतर जगाच्या इतर भागांत या कल्पनेने चांगले मूळ धरले आहे. त्यामागे शरीरशास्त्र आहे, शिस्त आहे, आणि काही माणसांची विलक्षण जिद्दही आहे.

हा विषय आम्ही आपल्या वाचकांपुढे मांडत आहोत त्याचे कारण एवढेच नाही की तो नवा आणि रंजक आहे. ज्या घरात सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेले मूल आहे, त्या घरातील आई-वडील कोणत्याही नव्या उपचाराचे नाव ऐकले की आशेने धावतात. कर्ज काढतात, दागिने मोडतात. अशा पालकांना खोटी आशा दाखविणे हे पाप आहे. आणि खरी मदत असताना ती न सांगणे हेही तितकेच वाईट आहे. म्हणून घोड्यामुळे काय होते, काय होत नाही, आणि काय अजून सिद्ध व्हायचे आहे, हे तिन्ही भाग वेगवेगळे करून पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

१. दोन प्रकार, दोन उद्देश

सर्वसाधारणपणे घोड्याच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या कामाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात.

पहिला प्रकार हिप्पोथेरपी. 'हिप्पोस' हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ घोडा. यात घोडेस्वारी शिकविणे हा हेतूच नसतो. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ घोड्याच्या चालीचा उपयोग उपचाराचे साधन म्हणून करतो. दवाखान्यात मोठा चेंडू, समांतर दांडे किंवा झोका वापरावा, तसाच येथे चालता घोडा वापरला जातो. घोडा केव्हा वळवायचा, वेग किती ठेवायचा, मुलाला कोणत्या दिशेला तोंड करून बसवायचे, हे तज्ज्ञ ठरवितो. मुलाने लगाम धरण्याची गरज नसते.

दुसरा प्रकार उपचारात्मक किंवा अनुकूलित अश्वारोहण. यात प्रशिक्षित शिक्षक अपंग व्यक्तीला तिच्या कुवतीप्रमाणे घोडेस्वारीच शिकवितो. घोड्याला चालविणे, थांबविणे, वळविणे, त्याला खरारा करणे, त्याची निगा राखणे हे सर्व त्यात येते. शरीराला होणारा लाभ येथे शिकण्याच्या ओघात मिळतो. मुलाला आपण 'पेशंट' आहोत असे वाटत नाही, आपण स्वार आहोत असे वाटते. हा फरक लहान नाही.

पालकांनी या दोहोंतील भेद लक्षात ठेवावा. कारण 'थेरपी' हा शब्द पाटीवर लिहिणे सोपे असते. त्या पाटीखाली पदवी असलेला थेरपिस्ट आहे की केवळ घोड्याचा मालक, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

२. श्रीमती लिस हार्टेल : जिद्दीचा इतिहास

या चळवळीचा इतिहास सांगताना डेन्मार्कच्या श्रीमती लिस हार्टेल यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९२१ सालचा. तरुणपणीच त्या उत्तम घोडेस्वार म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या होत्या. १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गरोदर असताना त्यांना पोलिओ झाला. शरीराचा मोठा भाग लुळा पडला. कुबड्यांवर चालता आले तरी पुष्कळ, असे त्या वेळी समजले जात होते. पुढे त्यांनी निरोगी मुलीला जन्म दिला आणि मग स्वतःच्या शरीराशी झुंज सुरू केली. आधी हात उचलणे, मग रांगणे, मग कुबड्यांवर उभे राहणे, अशा पायऱ्यांनी त्या वर आल्या. गुडघ्याखालची शक्ती मात्र परत आली नाही.

तरीही त्या पुन्हा घोड्यावर बसल्या. १९४७ साली स्कँडिनेव्हियन स्पर्धेत त्यांनी दुसरा क्रमांक मिळविला. त्यांचा खेळ होता 'ड्रेसाज'. या खेळात घोडा धावत नाही की अडथळे ओलांडत नाही. आखलेल्या मैदानात तो ठरावीक पावले, वळणे आणि चाली अत्यंत नेटकेपणाने करून दाखवितो, आणि स्वाराच्या खुणा प्रेक्षकांना दिसू नयेत अशी अपेक्षा असते. (याच प्रकारात भारतीय संघाने २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सांघिक सुवर्णपदक मिळविले, हे वाचकांना स्मरत असेल.) सामान्य स्वार या खुणा मुख्यतः पायांनी देतो. श्रीमती हार्टेल यांना ते शक्य नव्हते. त्यांनी पाठीच्या आणि बैठकीच्या सूक्ष्म हालचालींनी 'ज्युबिली' नावाच्या आपल्या घोडीशी बोलणे साधले.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. त्या काळी ऑलिम्पिकमधील घोडेस्वारी ही सनदी लष्करी अधिकाऱ्यांची मिरास होती. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. पण त्यातील एक स्वार वस्तुतः सार्जंट दर्जाचा असून स्पर्धेपुरता अधिकारी केला होता, असे आढळताच ते पदक काढून घेण्यात आले. स्वारी उत्तम असून उपयोग नव्हता. खांद्यावरची पट्टी कमी पडली! पुढे हा नियम बदलला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये सामान्य नागरिक आणि स्त्रिया यांनाही ड्रेसाजचे दार उघडले. त्या पहिल्याच संधीला श्रीमती हार्टेल यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळविले. घोडेस्वारीत पुरुषांच्या बरोबरीने उतरून वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. ज्यांना घोड्यावर चढविण्यासाठी आणि उतरविण्यासाठी दुसऱ्याचा आधार लागे, त्या विजेत्यांच्या चौथऱ्यावर उभ्या राहिल्या. सुवर्णपदक विजेते स्वीडनचे हेन्री सेंट सिर यांनी त्यांना आधाराचा हात दिला. आणि त्याच स्पर्धेत स्वीडनच्या संघाने, १९४८ मध्ये नाकारल्या गेलेल्या त्याच स्वारासह, सांघिक सुवर्णपदक पुन्हा जिंकले.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकच्या वेळी ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे घोडेस्वारीच्या स्पर्धा स्वीडनमधील स्टॉकहोम येथे झाल्या. तेथेही श्रीमती हार्टेल यांनी रौप्यपदक मिळविले. २००९ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पदकाचा परिणाम क्रीडांगणापुरता राहिला नाही. एका पोलिओग्रस्त स्त्रीला हे जमते, तर इतरांना का जमू नये, असा प्रश्न डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट विचारू लागले.

३. व्यक्तीपासून संस्थेपर्यंत

एका माणसाची जिद्द थोर असली तरी ती त्याच्याबरोबर संपते. ती टिकायची तर संस्था लागते. इंग्लंडमध्ये १९६९ साली 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' ही संस्था अस्तित्वात आली. राजकन्या ॲन १९७१ पासून तिच्या आश्रयदात्या आणि १९८५ पासून अध्यक्षा आहेत. पण संस्थेचा खरा कणा म्हणजे तिचे शेकडो स्थानिक गट आणि हजारो स्वयंसेवक. कोणी घोडा धरतो, कोणी मुलाच्या बाजूने चालतो, कोणी तबेला झाडतो, कोणी मुलांना गाडीतून आणतो. त्याच १९६९ साली अमेरिकेतही अशीच राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिने शिक्षकांची परीक्षा, केंद्रांची तपासणी, सुरक्षिततेचे नियम असे मानदंड घालून दिले. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या देशांत साधारण त्याच काळात हिप्पोथेरपीची वैद्यकीय शाखा वाढली.

खेळाच्या बाजूने पाहिले तर १९९६ च्या अटलांटा पॅरालिम्पिकपासून ड्रेसाज हा पॅरालिम्पिकचा नियमित खेळ झाला. स्वारांची त्यांच्या अक्षमतेच्या तीव्रतेनुसार पाच गटांत विभागणी होते, म्हणजे बरोबरीच्या माणसाशी बरोबरीची स्पर्धा. जन्मतः सांधे आखडलेले ब्रिटनचे ली पिअर्सन यांनी २००० च्या सिडनीपासून २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेपर्यंत एकूण १४ पॅरालिम्पिक सुवर्णपदके मिळविली. अर्थात प्रत्येक अपंग मूल पदक आणणार नाही, तशी अपेक्षाही करू नये. रस्ता पुढे कुठवर जातो एवढेच या उदाहरणांवरून कळते.

४. घोड्याची चाल काय करते?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. घोड्यातच असे काय आहे?

आपण चालतो तेव्हा आपली कंबर, म्हणजे ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा, एकाच वेळी तीन प्रकारे हलतो. तो पुढे-मागे झुकतो, डावी-उजवीकडे वर-खाली होतो आणि किंचित वळतोही. घोडा संथ चालतो तेव्हा त्याची पाठ स्वाराच्या कमरेला याच तीन दिशांची हालचाल देते आणि तिची लय माणसाच्या चालीच्या लयीशी पुष्कळ जुळते. म्हणजे जे मूल कधीच चाललेले नाही, त्याच्या कमरेला आणि धडाला घोड्यावर बसल्याबसल्या चालण्याचा अनुभव मिळतो. पाय घोड्याचे, पण चाल मुलाच्या शरीरात उतरते.

घोडा संथ चालीत मिनिटाला साधारण शंभराच्या आसपास पावले टाकतो. वीस मिनिटांत सुमारे दोन हजार पावले झाली. प्रत्येक पावलाला मुलाचा तोल किंचित ढळतो आणि प्रत्येक वेळी त्याच्या पाठीच्या, पोटाच्या व मानेच्या स्नायूंना तो सावरावा लागतो. दवाखान्यातील खोलीत कोणताही थेरपिस्ट मुलाकडून एकच हालचाल दोन हजार वेळा करवून घेऊ शकणार नाही. मूल कंटाळेल, रडेल. घोड्यावर ते हसत हसत करते, कारण आपण व्यायाम करीत आहोत हे त्याला ठाऊकच नसते.

जुन्या मराठीत चांगल्या स्वाराला 'पक्की मांड असलेला' म्हणत. मांड म्हणजे घोड्यावरची बैठक. ती हातांच्या जोरावर बसत नाही, कमरेच्या आणि धडाच्या तोलावर बसते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलात नेमका हाच तोल कमकुवत असतो. धड सावरले नाही तर हात मोकळे होत नाहीत, हात मोकळे झाले नाहीत तर घास तोंडापर्यंत नीट जात नाही, पाटीवर रेघ ओढता येत नाही. म्हणून मांड सुधारण्याचा संबंध केवळ स्वारीशी नसून जेवणाच्या ताटाशी आणि शाळेच्या पाटीशी आहे.

आणखी दोन गोष्टी. पाय फाकवून बसल्यामुळे मांड्यांच्या आतील ताठर स्नायूंना सावकाश ताण मिळतो. आणि घोड्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस, माणसापेक्षा थोडे अधिक असते. खोगिराऐवजी जाड मऊ घोंगडी किंवा गादी बांधून बसविल्यास ती ऊब मुलाच्या अंगाला लागते. ऊब आणि संथ लय यांनी ताठरपणा काही काळ सैलावतो, असा थेरपिस्टांचा अनुभव आहे.

शरीराव्यतिरिक्त मनाचाही भाग आहे. चाकाच्या खुर्चीतील माणूस आयुष्यभर इतरांकडे मान वर करून पाहतो. घोड्यावर बसल्यावर पहिल्यांदाच इतरांना त्याच्याकडे मान वर करून पाहावे लागते. 'चल' म्हटल्यावर चारशे-पाचशे किलोचे जनावर चालते आणि 'थांब' म्हटल्यावर थांबते. ज्याचे घरात कोणी ऐकत नाही, ज्याच्यासाठी सर्व निर्णय दुसरेच घेतात, त्याला या एका शब्दाची किंमत फार मोठी असते. बोलण्यास टाळाटाळ करणारी मुले पहिला स्पष्ट शब्द घोड्याला उद्देशून बोलतात, असे शिक्षक सांगतात, ते याच कारणाने समजण्यासारखे आहे.

५. एक सत्र कसे चालते?

नीट चालविलेल्या केंद्रातील सत्र साधारण अर्ध्या तासाचे असते. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

प्रथम ओळख. मूल घोड्याजवळ समोरून न जाता खांद्याच्या बाजूने जाते, त्याच्या मानेवर हात ठेवते, ब्रशने खरारा करते. ब्रश धरणे आणि लांब हात फिरविणे हाही व्यायामच होय. काही मुलांना या पायरीवरच पाच-सहा आठवडे लागतात. घाई करू नये.

त्यानंतर हेल्मेट. हेल्मेट नसेल तर स्वारी नाही, या नियमाला अपवाद नाही. मग मुलाला रॅम्पवरून किंवा चौथऱ्यावरून घोड्यावर घेतात. खालून उचलून टाकणे मुलालाही धोक्याचे आणि घोड्याच्या पाठीलाही त्रासदायक.

घोड्याबरोबर बहुधा तीन माणसे असतात. एक पुढे घोडा धरून चालतो. त्याचे लक्ष फक्त घोड्यावर. दोघे दोन बाजूंनी चालतात. त्यांचे लक्ष फक्त मुलावर. गरज असेल तर ते मुलाच्या मांडीवर हात ठेवून आधार देतात. शिक्षक किंवा थेरपिस्ट वेगळा. म्हणजे एका मुलामागे चार माणसे! हा उपचार महाग का पडतो आणि स्वयंसेवकांवाचून का चालत नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे.

मग चालणे, थांबणे, वळणे. कधी मुलाला उलट्या दिशेला तोंड करून, कधी आडवे बसवितात. प्रत्येक बैठकीत वेगळे स्नायू कामाला लागतात. चालत्या घोड्यावरून कडी खांबात अडकविणे, चेंडू टोपलीत टाकणे, रंग ओळखणे, अंक मोजणे असे खेळ होतात. रिकीब अशी असते की पडण्याची वेळ आली तर पाय अडकून न राहता सुटावा. शेवटी मूल घोड्याला थोपटते आणि त्याचा निरोप घेते.

६. कोणाला उपयोगी, कोणाला वर्ज्य?

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता, पक्षाघातानंतरची दुर्बलता, मल्टिपल स्क्लेरोसिस, अंधत्व अशा अनेक स्थितींतील लोक योग्य देखरेखीखाली स्वारी करतात.

परंतु प्रत्येकाला घोड्यावर बसविता येत नाही. पुढील स्थितींत डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय पाऊल टाकू नये :

(अ) डाऊन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सांधा सैल असतो. हिसक्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मानेची तपासणी आधी झालीच पाहिजे.
(आ) आटोक्यात नसलेली फेफरे.
(इ) निखळलेला किंवा निखळण्याच्या बेतात असलेला खुब्याचा सांधा. सेरेब्रल पाल्सीत हे वारंवार आढळते.
(ई) ठिसूळ हाडे, कण्याचा तीव्र बाक, कण्यावर झालेली शस्त्रक्रिया.
(उ) बसण्याच्या जागेवरील जखमा. ज्यांना तेथे संवेदना नाही त्यांच्या बाबतीत प्रत्येक सत्रानंतर कातडी पाहावी.
(ऊ) रक्त न गोठण्याचा विकार, तसेच घोड्याच्या केसांची ॲलर्जी किंवा तीव्र दमा.

तबेल्यात वावरणाऱ्या सर्वांनी धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घ्यावी. घोड्यांनाही पशुवैद्याकडून नियमित तपासून घ्यावे. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसाला होऊ शकतो.

७. संशोधन काय म्हणते?

या प्रश्नाला अर्धवट उत्तर देणे आम्हांस योग्य वाटत नाही. बाजू दोन्ही आहेत.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेली १५ मुले घेतली. काहींना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर, तर काहींना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर पाय फाकवून बसविले. घोड्यावर बसलेल्या मुलांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कामातील असमतोल कमी झाला. पिंपावर बसलेल्यांत तसा फरक पडला नाही. म्हणजे नुसते फाकून बसणे पुरेसे नाही, चाल महत्त्वाची, हे दिसून आले.

२००९ साली ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेल्या ९९ मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाने दहा आठवडे उपचारात्मक स्वारी केली. मुलांच्या एकूण हालचालींच्या क्षमतेत, प्रकृतीत आणि जीवनमानात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष उत्साही मंडळींना आवडला नसला तरी तो लपवून ठेवण्याचे कारण नाही.

२०१५ साली अमेरिकेतून स्वमग्न मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभराहून अधिक मुले होती. एका गटाने दहा आठवडे स्वारी केली. दुसऱ्या गटाला घोड्यांविषयी सर्व माहिती शिकविली, पण प्रत्यक्ष घोडा दिला नाही. स्वारी करणाऱ्या मुलांत चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली, आणि संवादात सुधारणा दिसली.

या तिन्हींचा एकत्र अर्थ काय? चालत्या घोड्यावर बसल्याने तोल आणि स्नायूंचा समतोल यांवर परिणाम होतो, विशेषतः लगेचचा. काही मुलांच्या वागण्यात व संवादात सुधारणा होते. परंतु घोड्यावर बसविले की मूल चालू लागेल, असे म्हणण्यास आधार नाही. जो कोणी असे आश्वासन देऊन पैसे मागतो त्याच्यापासून दूर राहावे. सेरेब्रल पाल्सी ही मेंदूच्या वाढत्या वयात झालेली इजा आहे. घोडा ती इजा पुसत नाही. उरलेल्या शक्तीचा अधिक चांगला वापर कसा करावा, हे शिकविण्यास तो मदत करतो. नेहमीची फिजिओथेरपी, कॅलिपर, औषधे आणि शाळा यांची जागा घोडा घेऊ शकत नाही.

८. घोड्याचाही विचार

उपचार करणारा प्राणी मुका आहे, म्हणून त्याच्या वतीने आपणच बोलले पाहिजे. या कामाला तरणाबांड, बुजरा घोडा चालत नाही. शांत स्वभावाचा, रुंद पाठीचा, दोन्ही बाजूंनी सारखी चाल असलेला घोडा लागतो. लंगडणारा घोडा मुलाला लंगडी चालच शिकवील. अचानक किंचाळणे, चेंडू अंगावर पडणे, चाकाची खुर्ची जवळून जाणे यांची सवय त्याला महिनोन्‌महिने लावावी लागते.

तोल जाणाऱ्या स्वाराचे ओझे घोड्याला अधिक जाणवते. म्हणून स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवण्याचा दंडक पुष्कळ ठिकाणी पाळतात. सत्रांमध्ये विश्रांती, वेळेवर चंदी-वैरण, स्वच्छ पाणी, नालांची देखभाल आणि मोकळे फिरणे त्याला मिळालेच पाहिजे. कान मागे पाडणे, शेपटी सतत झटकणे, तंग आवळताना चावायला येणे या खुणा म्हणजे त्याची तक्रार होय. थकलेल्या प्राण्याकडून करुणेचे काम करवून घेणे हा विरोधाभास आहे.

९. आपल्याकडे काय करता येईल?

महाराष्ट्राला घोडा नवा नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात घोडा हे वाहतुकीचे साधन आहे. खरारा, चंदी, नालबंदी यांची पिढीजात जाण असलेले मोतद्दार आपल्याकडे आहेत. मुंबईत हाजीअलीजवळ १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे आणि तिच्या अगदी शेजारी महालक्ष्मीचे रेसकोर्स आहे. एकीकडे अपंगांचे तज्ज्ञ, दुसरीकडे घोड्यांचे तज्ज्ञ. मध्ये फक्त रस्ता! घोड्याची जाण आणि अपंगत्वाची जाण ही दोन्ही आपल्या राज्यात आहेत. त्यांना एकत्र बसविणारी माणसे अधिक हवीत.

मात्र पर्यटकांना फिरविणारा किंवा वरातीचा घोडा म्हणजे उपचाराचा घोडा नव्हे, हे विसरू नये. चौपाटीवर मुलाला घोड्यावर फेरी मारविणे ही हौस झाली. प्रशिक्षित घोडा, प्रशिक्षित शिक्षक, थेरपिस्टचा सल्ला आणि हेल्मेट या चार गोष्टींपैकी एक जरी नसेल तरी तिला उपचार म्हणू नये.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारचे अपंगत्व मान्य होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ती संख्या २१ केली आणि सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता यांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. याच अधिनियमात करमणूक आणि क्रीडा यांतील सहभागाची तरतूद आहे. म्हणजे अपंग मुलाने खेळणे ही कोणाची मेहरबानी नसून तो त्याचा हक्क आहे.

ज्यांच्या गावी असे केंद्र नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे स्थापन झाली आहेत. तेथे मुलांची तपासणी आणि उपचार विनामूल्य होतात. तेथील फिजिओथेरपिस्टला विचारून, घरातील गुंडाळलेल्या गादीवर मुलाला पाय फाकवून बसवून, बाजूंनी धरून, गाणे म्हणत हळूहळू डोलविता येते. घोड्याची बरोबरी ते करणार नाही. पण धड सावरण्याचा सराव, आईचा हात आणि हसू या तिन्ही गोष्टी त्यात आहेत, आणि त्यास खर्च नाही.

समारोप

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त घोषित झाला. ज्या रोगाने श्रीमती हार्टेल यांचे पाय नेले, तो आपल्या लसीकरणाने हद्दपार केला. परंतु पोलिओने अपंग झालेले हजारो बंधू-भगिनी आपल्यात आहेत, आणि इतर कारणांनी अपंग झालेली मुले रोज जन्माला येत आहेत. रोग घालविणे हे शास्त्राचे काम झाले. अपंग माणसाला मानाने बसायला जागा देणे हे समाजाचे काम आहे.

घोड्यावर बसलेल्या अपंग मुलाच्या दोन्ही बाजूंनी दोन माणसे चालतात. ती त्याला उचलून नेत नाहीत. ती फक्त बरोबर चालतात, हात तयार ठेवतात, आणि मांड पक्की झाली की हात काढून घेतात. अपंगांना मदत कशी करावी याचा यापेक्षा सोपा धडा आम्हांस ठाऊक नाही. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात असे एखादे मूल असेल. घोडा मिळेल तेव्हा मिळेल. बाजूने चालायला आजपासून सुरुवात करता येईल.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. हिप्पोथेरपी आणि उपचारात्मक अश्वारोहण यांतील फरक सांगा.
२. माणसाची चाल आणि घोड्याची चाल यांत कोणते साम्य आहे? त्याचा उपयोग कसा होतो?
३. १९४८ आणि १९५२ च्या ऑलिम्पिकमधील घटनांवरून आपण काय शिकतो?
४. एखादा मनुष्य 'घोड्यावर बसवून मूल चालते करतो' असे सांगत आला, तर त्याला आपण कोणते प्रश्न विचाराल?
५. आपल्या वस्तीतील अपंग मुलांची यादी करून, त्यांपैकी किती मुलांची तपासणी झालेली आहे याची माहिती घ्या.